वाचकांचे प्रश्न : सॅक्सोफोन, फंक आणि विजेवरची वाद्ये

मागील अंकात जॅझमधील सॅक्सोफोनवादनावर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : १९६५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत अनेक नामवंत जॅझवादक विजेवरच्या वाद्यांकडे आणि फंकच्या, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकन नाचसंगीताच्या, ठेक्याकडे का वळले आणि त्यांचे वादन त्यात कितपत टिकले? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि मजकूर थोडा आवरून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या काकांच्या संग्रहात जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांच्या दोन ध्वनिमुद्रिका आहेत. एक १९५६ ची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ आणि दुसरी १९७६ ची ‘द वे आय फील’. पहिली कितीही वेळा ऐकली तरी पुरत नाही. दुसरीत मात्र इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि पाय हलवायला लावणारा ठेका आहे. इतक्या मोठ्या कलावंताने हे केवळ पैशासाठी केले, असे समजायचे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पैशाचा भाग नव्हताच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतला तरुण श्रोता रॉक आणि सोल या लोकप्रिय संगीतप्रकारांकडे गेला होता आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना त्याला परत आणायचे होते. परंतु रॉलिन्स यांच्यावर हा आरोप करताना त्यांचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९५९ मध्ये, म्हणजे नाव अगदी शिखरावर असताना, आपले वादन आपल्यालाच पुरेसे वाटत नाही म्हणून हा माणूस जाहीर कार्यक्रम बंद करून बसला आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज करीत राहिला. दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा एकदा संन्यास घेतला आणि त्या काळात मुंबईत पवईच्या आश्रमात राहून वेदान्ताचा अभ्यासही केला. बाजारभाव पाहून वाजवणाऱ्याची ही लक्षणे नव्हेत.

१९७२ मध्ये ते ‘नेक्स्ट अल्बम’ घेऊन परतले, तेव्हा विजेची वाद्ये त्यात आली होती. पण ती दबकत आली होती. त्यात जॉर्ज केबल्स काही ठिकाणी साधा पियानो आणि काही ठिकाणी इलेक्ट्रिक पियानो वाजवतात. रॉलिन्स यांचे जुने साथीदार बॉब क्रॅनशॉ यांनी उभ्या बासबरोबर इलेक्ट्रिक बासही हाती घेतला आहे. क्रॅनशॉ यांच्या बाबतीत एक गोष्ट रसिक सहसा विसरतात. मोटार अपघातात त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली होती आणि उभा बास सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले होते. ज्याला आपण सौंदर्यदृष्टीतला बदल म्हणून टीकेचा विषय करतो, त्याच्या मुळाशी कधी कधी एखाद्याची पाठ असते.

दुसरी गोष्ट अशी की नाचाचा ठेका रॉलिन्स यांच्या वादनात १९७० नंतर शिरला, हे मुळातच खरे नाही. आपल्याला प्रिय असलेल्या १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवातच ‘सेंट थॉमस’ या कॅलिप्सोने, म्हणजे कॅरिबियन नाचगाण्याच्या चालीने, होते. त्यांच्या आईचे कुटुंब कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरचे होते आणि त्या बेटांची गाणी घरात ऐकतच ते वाढले. १९५७ च्या ‘वे आउट वेस्ट’मध्ये त्यांनी काउबॉयच्या गमतीच्या गाण्यांवर गंभीर वादन केले. त्यामुळे त्यांनी १९७७ मध्ये लोकप्रिय गायक स्टीव्ही वंडर यांचे ‘इझन्ट शी लव्हली’ घेतले, तेव्हा ज्यांना धक्का बसला त्यांनी आधीच्या ध्वनिमुद्रिका एका कानाने ऐकल्या असाव्यात.

मग आपल्याला ‘द वे आय फील’ फिकी का वाटते? मलाही ती फिकी वाटते, आणि त्याचे कारण वीज हे नाही असे माझे मत आहे. १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ब्लू सेव्हन’ पुन्हा एकदा लक्षपूर्वक ऐका. रॉलिन्स सुरुवातीच्या सुरावटीतले दोन-तीन स्वर उचलतात आणि तेच उलटसुलट करीत, मधली अंतरे वाढवीत-आक्रसत पुढे जातात. गुंथर शुलर या समीक्षकाने १९५८ मध्ये या वादनावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्याचा सारा भर याच गुणावर होता. ज्या इंदूर शहरात उस्ताद अमीर खाँ यांची मेरुखंडाची, म्हणजे मोजके स्वर निरनिराळ्या क्रमांनी मांडत जाण्याची, बढत ऐकून कान तयार झाले, तेथे याहून अधिक खुलासा करण्याची गरज नाही. मात्र आणखी एक बाजू आहे. रॉलिन्स हे सर्व करीत असताना ड्रमवरचे मॅक्स रोच स्वस्थ बसलेले नाहीत. सॅक्सोफोनने टाकलेला तुकडा ते उचलतात, त्याला उत्तर देतात, मध्येच जागा मोकळी सोडतात. आणि त्यांची पाळी येते तेव्हा रॉलिन्स यांनी मांडलेलीच कल्पना ते कातड्यावर मांडतात. संवाद दोन्ही बाजूंनी चालला आहे.

१९७६ च्या ध्वनिमुद्रिकेत ड्रमवर बिली कोबॅम आहेत, गिटारवर ली रिटनॉर आहेत आणि कीबोर्डवर पॅट्रिस रशन आहेत. तिघेही पट्टीचे वादक. परंतु तेथील रचना अशी घट्ट विणलेली आहे की साथीच्या वादकांनी ठेका धरून ठेवायचा आणि रॉलिन्स यांनी वरून बोलत राहायचे. ते बोलतातही उत्तम, पण समोरून हुंकार येत नाही. यापूर्वीची, १९७५ ची ‘न्यूक्लियस’ मला अधिक जिवंत वाटते, कारण तीत कडा अजून घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत. संग्रहात नसल्यास ती अवश्य मिळवावी.

आता एक माहिती, जी मला या साऱ्या वादातली सर्वांत बोलकी वाटते. गायक जेम्स ब्राउन यांचे १९६७ चे ‘कोल्ड स्वेट’ हे गाणे फंकच्या आरंभीच्या मैलाच्या दगडांपैकी मानले जाते. ब्राउन यांच्याबरोबर ते रचणारे पी वी एलिस हे मूळचे जॅझ सॅक्सोफोनवादक होते आणि सोळा वर्षांचे असताना, १९५७ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कला प्रत्यक्ष रॉलिन्स यांच्याकडे धडे घेतले होते. त्या गाण्यातील ब्रासच्या (फुंकवाद्यांच्या) दोन सुरांच्या हुंकारावर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’ची छाया असल्याचे स्वतः एलिस सांगत असत. म्हणजे रॉलिन्स फंककडे वळले तेव्हा ते परक्याच्या दारात गेले नव्हते. शिष्याने बांधलेल्या घरी गेले होते. गुरूला त्या घरात नेहमीच मोकळे बसता आले नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी ख्याल शिकते आणि घरात तबल्याचे वातावरण आहे. मुलाच्या आग्रहावरून जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांची ‘हेड हंटर्स’ ऐकली. एकच तुकडा पंधरा मिनिटे चालतो आणि सॅक्सोफोन फार थोडा वाजतो. यात कलावंताच्या कल्पनेला वाव तो कोठे? तालाच्या दृष्टीने हे कसे ऐकावे?
— एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या घरात तबला आहे, म्हणून लेहऱ्यापासूनच सुरुवात करू. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवते आणि त्या स्थिर चौकटीत तबलजी पेशकार, कायदे, रेले मांडतो. लेहरा रटाळ आहे अशी तक्रार कोणी करीत नाही, कारण तो कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक असते. १९७३ च्या ‘हेड हंटर्स’मधील ‘कॅमेलियन’ या पहिल्या तुकड्यात सिंथेसायझरवर वाजणारी खर्जातली सुरावट हेच काम करते. फरक इतकाच की येथे त्या चौकटीत एक वादक नव्हे तर पाचही वादक खेळतात, आणि मुख्य खेळ एकमेकांत गुंतण्याचा असतो.

सुरुवातीची काही मिनिटे थर मोजत ऐका. प्रथम एकटी खर्जाची सुरावट येते. ती हॅनकॉक स्वतः वाजवतात. मग हार्वी मेसन यांचे ड्रम येतात. पॉल जॅक्सन यांचा इलेक्ट्रिक बास खाली न राहता वरच्या पट्टीत गिटारसारखे तोडलेले स्वर टाकतो, कारण खालची जागा आधीच भरली आहे. त्यानंतर क्लॅव्हिनेट नावाचे, तारांवर टोचल्यासारखे वाजणारे कीबोर्ड येते. एवढी मांडामांड झाल्यावर बेनी मॉपिन यांचा सॅक्सोफोन मुख्य सुरावट घेऊन प्रवेश करतो. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत गिटार नाही, हेही लक्षात घ्यावे. गिटारीचे ठेक्याचे काम येथे क्लॅव्हिनेट करते. मॉपिन यांनी याआधी डेव्हिस यांच्या १९७० च्या ‘बिचेस ब्रू’मध्ये बास क्लॅरिनेट वाजवला होता आणि गर्दीत नेमके कोठे बोलावे व कोठे गप्प राहावे, हे ते तेथेच शिकले असावेत. आपल्याला सॅक्सोफोन कमी वाटला, हे निरीक्षण अचूक आहे. फंकमध्ये एकट्याच्या वादनाची जागा आक्रसते, आणि जॅझच्या जुन्या श्रोत्यांचा खरा सल हाच होता. टीका मात्र ते विजेवर करीत राहिले.

मात्रेच्या विभागणीचेही पाहा. जुन्या स्विंग जॅझमध्ये एका मात्रेचे दोन भाग विषम पडतात : पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे चालीला झोका येतो. फंकमध्ये चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेचे चार समान भाग धरले जातात, म्हणजे एका मापात सोळा घरे. जेम्स ब्राउन यांचा आग्रह असे की या सोळांतले पहिले घर सर्वांनी मिळून ठामपणे दाबावे. ही सम आहे असे आपल्याला वाटेल आणि एका अर्थाने ती आहेच. पण ती दर चार मात्रांनी येत असल्यामुळे ख्यालातल्यासारखे लांब जाऊन, श्रोत्याचा जीव टांगणीला लावून परतण्यास तेथे अवधी नसतो. म्हणून ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील मेसिओ पार्कर यांच्यासारखा सॅक्सोफोनवादक पहिले घर बहुधा बासला आणि ड्रमला देऊन टाकतो आणि स्वतः त्याच्या पुढच्या घरांत छोटे, तुटक, धारदार तुकडे बसवतो. आपल्या ग्वाल्हेर गायकीत बोलबांट करताना बंदिशीचे शब्द लयीच्या निरनिराळ्या घरांत टाकले जातात. त्या कानाने पार्कर यांना ऐकल्यास ते लगेच आपलेसे वाटतील. सलग, लांब तानेसारखी वाक्ये ज्यांच्या बोटांत मुरलेली होती, अशा जॅझवादकांना येथेच अडखळायला झाले.

तबल्यावरून आठवले म्हणून सांगतो : डेव्हिस यांच्या १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये बादल रॉय यांचा तबला आहे. परंतु तेथे तो ताल चालवीत नाही, ठेक्याच्या दाट विणीतला एक धागा होऊन राहतो. आपल्या घरच्या मंडळींना कदाचित रुचणार नाही. तरी ऐकवून पाहा.

प्रश्न : मी हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवतो. गणेशोत्सवात आमचे कार्यक्रम सलग असतात. कीबोर्ड, बास गिटार आणि ऑक्टोपॅड यांच्यात माझे वाद्य हरवते. जोर लावून फुंकले की सूर चढतो आणि दोन गाण्यांत ओठ थकतात. फंक वाजवणारे मोठे वादक हे कसे निभावतात? धातूचे माउथपीस घ्यावे काय?
— एक वादक, इंदूर

उत्तर : माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, सर्वांत शेवटी बदला. आधी अडचण कोठे आहे ते पाहू. टेनरचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १०४ हर्ट्झचा आणि नेहमीच्या बोटकामातला वरचा स्वर साधारण ६६० हर्ट्झचा असतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि मधले सप्तक, गिटारचे कॉर्ड आणि पुरुष गायकाचा आवाज हे सारे याच पट्ट्यात गर्दी करतात. जोर लावल्याने ही गर्दी कमी होत नाही. वेन शॉर्टर हे मूळचे टेनरवादक, पण ‘बिचेस ब्रू’मध्ये आणि पुढे १९७० साली कीबोर्डवादक जो झाविनूल यांच्यासह काढलेल्या ‘वेदर रिपोर्ट’ या वाद्यवृंदात त्यांनी सोप्रानोचा, म्हणजे टेनरहून लहान आणि उंच आवाजाच्या सॅक्सोफोनचा, जो सढळ वापर केला, त्याचे एक व्यावहारिक कारण हेही असावे की सोप्रानो या गर्दीच्या वरून निघून जातो. आपल्याजवळ सोप्रानो किंवा (या दोहोंमधल्या उंचीचा) आल्टो असल्यास दाट वाद्यमेळाच्या गाण्यांत तो वापरा. नसल्यास कीबोर्डवाल्या मित्राला विनंती करा की आपला तुकडा येईल तेव्हा त्याने डावा हात उचलावा. हे फुकटात होते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते.

मायक्रोफोनची जागाही तपासा. ऑर्केस्ट्रातले बहुतेक जण मायक्रोफोन थेट कर्ण्याच्या तोंडात रोखतात. सॅक्सोफोनचा आवाज फक्त कर्ण्यातून येत नाही. अगदी खालचे स्वर सोडले तर बराचसा आवाज उघड्या भोकांतून बाहेर पडतो. त्यामुळे कर्ण्यात रोखलेल्या मायक्रोफोनला खर्ज भरमसाठ मिळतो आणि मधले स्वर पातळ होतात. मायक्रोफोन वीतभर दूर, कर्ण्याची कड आणि उजव्या हाताच्या कळा यांच्या मध्ये रोखून पाहा. क्लिपचा मायक्रोफोन असल्यास त्याची लवचीक दांडी कर्ण्याबाहेर वळवा.

विजेचा खरा उपयोग कसा करावा, हे एडी हॅरिस यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. शिकागोच्या या टेनरवादकाने १९६० च्या दशकाच्या मध्यास सेल्मर कंपनीचे व्हॅरिटोन हे यंत्र जवळ केले. त्यात वाद्यावरच ध्वनिग्राहक बसवलेला असे, आणि एका छोट्या नियंत्रकावरून आवाजाला प्रतिध्वनी, कंप किंवा खालच्या सप्तकातला जोडस्वर देता येई. हॅरिस त्याचा वापर आरडाओरड करण्यासाठी करीत नाहीत. त्यांच्या ‘लिसन हिअर’ या अतिशय लोकप्रिय तुकड्यात फुंक जवळजवळ गप्पांच्या आवाजाइतकी मऊ आहे आणि जोडस्वरामुळे तीच जाड होऊन पोहोचते. यंत्र जोर देत असल्यामुळे वादकाला जोर लावावा लागत नाही. आजकाल हेच काम गिटारच्या ऑक्टेव्ह पेडलवर होते. मायक्रोफोनसाठी योग्य जोडणी मात्र ध्वनियोजकाकडून करून घ्यावी.

आणि स्वतःला ऐकू येण्याची सोय आधी करून घ्या, कारण सूर चढण्याचे मुख्य कारण बहुधा तेच आहे. सॅक्सोफोनवादक डेव्ह लीबमन यांनी ‘ऑन द कॉर्नर’च्या ध्वनिमुद्रणाची जी हकीकत सांगितली आहे, ती प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याने ऐकावी. निरोप मिळताच ते धावतपळत स्टुडिओत पोहोचले, डेव्हिस यांनी खुणेनेच वाजवायला सांगितले आणि कानांना हेडफोन नव्हते. विजेची वाद्ये थेट यंत्राला जोडलेली असल्याने खोलीत ती ऐकूच येत नव्हती; ऐकू येत होता तो ड्रम आणि तालवाद्यांचा गजर. कोणत्या स्वरात चालले आहे याचा अंदाज घेत त्यांना सोप्रानो वाजवावा लागला. लीबमन होते म्हणून निभावले. आपण आयोजकांकडे स्वतःपुरता एक मॉनिटर, म्हणजे स्वतःचे वादन ऐकवणारा स्पीकर, हक्काने मागावा.

एवढे करूनही आवाज बोथट वाटला, तरच माउथपीसकडे वळा. आतल्या पोकळीतला उंचवटा (बॅफल) जास्त असलेले माउथपीस, मग ते धातूचे असो वा रबराचे, आवाजाला धार देते. म्हणजे धातूपेक्षा आतल्या घडणीला महत्त्व अधिक. त्याबरोबर वरचे स्वर चढू लागतात आणि ‘रिमझिम’ पद्धतीची हळुवार गाणी किरकिरी होतात. दुकानात एकच स्वर जोरात फुंकून निवड करू नका. आपल्या कार्यक्रमातले सर्वांत संथ गाणे तेथे वाजवून पाहा.

प्रश्न : वयाच्या साठीनंतर हे संगीत ऐकायला सुरुवात केली आहे. सॅक्सोफोन आणि फंक यांच्या मेळातले नेमके काय आधी ऐकावे? फार कर्कश नको.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्ली यांच्या पंचकाचे १९६६ चे ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ आधी ऐका. झाविनूल यांनी रचलेल्या या तुकड्यात इलेक्ट्रिक पियानो आहे, श्रोत्यांचा मोकळा प्रतिसाद आहे आणि चाल इतकी सुबोध आहे की दुसऱ्यांदा ऐकताना आपण ती गुणगुणू लागाल. मूळ वेष्टनावर ते शिकागोच्या क्लबात मुद्रित झाल्याचे छापले होते; प्रत्यक्षात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निमंत्रित श्रोते बसवून ते मुद्रित केले गेले. त्यानंतर ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांची १९७५ ची ‘मिस्टर मॅजिक’ घ्या. समीक्षकांनी तिच्याकडे नाके मुरडली, पण तिच्यातला सॅक्सोफोन ठेक्यावर रेलून, घाई न करता गातो, आणि आपण सांगितलेल्या अटीत ती चपखल बसते. वॉशिंग्टन यांच्या पुढच्या काळातल्या फार गोड ध्वनिमुद्रिका तूर्त बाजूला ठेवाव्यात. ‘वेदर रिपोर्ट’ची १९७७ ची ‘हेवी वेदर’ तिसरी. तिच्यात शॉर्टर मोजकेच बोलतात, म्हणून प्रत्येक वेळी ते आले की आवाज वाढवावा.